पियानोवरचे बळ आणि अचूकपणा

गंगापूर रोड, नाशिक
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बेथोव्हेनच्या पाथेटिक सोनाटात, म्हणजे त्याच्या त्या पियानोच्या रचनेत, पहिल्या भागाची जलद लय सुरू झाली की डावा हात कोपरापर्यंत भरून येतो, जोराचे कॉर्ड (एकदम वाजवायचे सूरसमूह) कर्कश वाजतात आणि लांबची उडी घेताना बोट शेजारच्या पट्टीवर पडते, अशा तीन तक्रारी तू मांडल्या आहेस. माझ्या मते त्या तिन्हींचे मूळ एकच आहे. तू बोटांच्या ताकदीवर वाजवू पाहतोस आणि दंडाचे, कोपराखालच्या हाताचे वजन वरच अडकून राहते.

आपण दोघेही पेटीवर शिकलो, त्यामुळे हे घडणे स्वाभाविक आहे. पेटीचा आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, फारसा फरक पडत नाही. शिवाय डावा हात वर्षानुवर्षे भाता मारण्यात गुंतलेला असतो, त्याच्या बोटांना पट्ट्यांची ओळख ती कितीशी असणार? पियानोची रचना मात्र अगदी वेगळी आहे. पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते आणि ती हलकेच दाबायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन पुरते. हातोडी तारेला लागण्याच्या किंचित आधी यंत्रणेतून सुटते आणि उरलेले अंतर स्वतःच्या वेगाने कापते. आवाज किती मोठा होणार हे त्या क्षणी हातोडीला मिळालेल्या वेगावर ठरते, म्हणून पट्टी तळाला टेकल्यानंतर तू जे दाबत राहतोस त्याने सुरात कणभरही भर पडत नाही. मनगट मात्र आखडते आणि पुढच्या सुराला उशीर होतो.

यासाठी एक अभ्यास मनापासून कर. उजव्या हाताचे मधले बोट एका पांढऱ्या पट्टीवर टेकव, खांदा सैल सोड आणि कोपरापासून पुढचा सगळा हात त्या बोटावर पडू दे. बोटाच्या मुळाशी असलेली कमान मोडता कामा नये, नाहीतर वजन वाटेतच सांडते. सूर उमटताच, पट्टी न सोडता, मनगट सावकाश वरखाली करून पाहा. ते मोकळेपणी हलले तर वजन पोहोचले आणि ताण उरला नाही. अडले तर तू अजून दाबतो आहेस. सुरुवातीला सूर ओबडधोबड येईल, त्याची फिकीर करू नकोस. हे एका बोटाने जमले की दोन सुरांवर, मग पूर्ण कॉर्डवर कर, आणि कॉर्डमध्ये वरचा सूर उठून ऐकू यावा म्हणून हात करंगळीच्या बाजूला किंचित झुकव.

डाव्या हातातला तो सप्तकाचा ट्रेमोलो, म्हणजे एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर झपाट्याने आलटूनपालटून वाजवणे, बोटे उचलून वाजवायचाच नाही. कुलपात किल्ली फिरवावी तसा कोपरापुढचा हात अंगठ्याकडून करंगळीकडे आणि परत फिरू दे. बोटे पट्ट्यांना चिकटूनच राहतील. पियानो बनवणाऱ्या सेबास्तियन एरार याने १८२१ मध्ये केलेल्या सुधारणेमुळे ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येतो. तुझ्या उभ्या पियानोत ती सोय नाही, तेव्हा पट्टीला वर यायला पुरेशी जागा दे आणि लय आधी निम्मी ठेव.

अनामिका कमकुवत म्हणून तू ती वेगळी उंच उचलण्याचा व्यायाम करतोस, तो आजपासून बंद कर. तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात आणि ती एकटी फार वर जाऊ शकत नाही. ही शरीराची घडण आहे, आळस नव्हे. संगीतकार आणि पियानोवादक शोपँ तर प्रत्येक बोटाचे बळ वेगळे असते हे गृहीत धरूनच शिकवत असे. तो विद्यार्थ्याचा उजवा हात ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी या पट्ट्यांवर ठेवायला सांगे. लांब बोटे उंच काळ्या पट्ट्यांवर येतात आणि हात आपोआप घडतो. तू करून पाहा, हाताला किती सहज वाटते ते लगेच कळेल. संगीतकार रॉबर्ट शूमान याच्या उजव्या हाताचे बोट तरुणपणीच निकामी झाले आणि त्याला वादकाचे आयुष्य सोडावे लागले, हे ध्यानात असू दे; कळ येऊ लागली की त्या दिवसापुरते थांबायचे.

आता अचूकपणा. सोनाटाच्या पहिल्या भागातल्या दुसऱ्या मुख्य सुरावटीत उजवा हात डाव्यावरून ओलांडून खालच्या सप्तकात जातो तिथे तुझे चुकते, कारण तू जाणे आणि वाजवणे एकाच झटक्यात करतोस. ही दोन कामे वेगळी कर. आधीचा सूर संपताच हात लगेच निघावा, डोळे त्याच्याही आधी पट्टीवर पोहोचावेत, बोटाने पट्टीला नुसता स्पर्श करावा, आणि मगच सूर वाजावा. हा मधला ठहराव लांब ठेवून सुरुवात कर आणि चूक होत नाही तोवरच तो आखूड करत जा. हात कोपरासकट गेला पाहिजे; फक्त मनगट वाकवून करंगळी ताणली की नेम हमखास चुकतो.

बैठकही तपास. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर असावे, स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे आणि पाय जमिनीवर पक्के टेकलेले असावेत. इथे नाशिकला सध्या पहाटे चांगलाच गारठा असतो, म्हणून मी कोमट पाण्यात हात धरल्याशिवाय पियानोला बसत नाही. पुण्यातही तू तेच कर.

ट्रेमोलोचे पान पंधरवडाभर याच रीतीने वाजव आणि कोपराचा भरून येणारा ताण कितपत उतरला ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र