गोव्याला पोकर खेळायला निघालेल्या लेकीला

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की आम्ही ऑफिसचे सहा-सातजण गोव्याला चाललोय, कॅसिनोत पोकर खेळायला, आणि मग एकदम गप्प बसलीस, बहुतेक मी ओरडेन म्हणून. अगं ओरडायचं काय त्यात, गणपतीत गावाला जागरणाच्या रात्री तुझी आजीच तीन पत्तीला बसायची आणि भल्याभल्यांना पॅक करायला लावायची. तुझे बाबा मात्र तुझ्या त्या फोनपासून कॅसिनोचं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवतायत, ते सोड. फोनवर मुद्देसूद बोलता येत नाही म्हणून हे लिहितेय, सावकाश वाच, लोकलमध्ये उभ्याउभ्या नको.

पहिली गोष्ट म्हणजे वार बदला. शुक्रवारी रात्री निघायचं आणि रविवारी परत हा तुमचा प्लॅन अख्ख्या मुंबईचा प्लॅन असतो. पणजीला मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी असतात, त्यांचं एंट्री पॅकेज शनिवार-रविवार महाग, टेबलांना गर्दी, पोकरला वेटिंग लिस्ट, आणि बाकीच्या खेळांना कमीत कमी किती लावायचं तो आकडाही गर्दी बघून वर चढतो. मंगळवार-बुधवार सुट्टी टाका की. फक्त एक आहे, मधल्या वारी पोकरचं टेबल लागेलच असं नाही, तेव्हा निघण्याआधी तिथे फोन करून विचारा की त्या दिवशी कॅश गेम, म्हणजे कधीही बसता-उठता येणारा रोख पैशाचा खेळ, आहे का, ब्लाइंड (पानं वाटायच्या आधी दोघांनी लावायचेच ते पैसे, एक स्मॉल, एक बिग) किती, कमीत कमी बाय-इन (बसताना घ्यायची रक्कम) किती आणि रेक (प्रत्येक डावातला कॅसिनोचा वाटा) किती टक्के आणि कुठवर कापतात. एवढं विचारायला लाजू नका, ते रोज सांगत असतात.

कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, सकाळी करमळीला उतरलात तर पणजी अगदी जवळ. वंदे भारत घेणार असाल तर ती पहाटेची आहे आणि करमळीला थांबत नाही, थिवीला उतरून टॅक्सी करावी लागेल. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेचं तुला ठाऊकच आहे, पावसाळी टाइमटेबल लागलं की गाड्या रेंगाळतात, गणपतीच्या आसपास तर विचारूच नको. विमानाने गेलात तर मोपा की दाबोळी ते तिकीट काढतानाच बघा. आणि ज्या दिवशी पोचाल त्या रात्री खेळू नका, रात्रभर प्रवासात जागून आलेला माणूस संध्याकाळी पोकरला बसला तर तो टेबलावरच्या बाकीच्यांची सोय करतो.

राहायचं पणजीतच. कळंगुट-बागाला हॉटेल घेतलंत की मध्यरात्री तीनला टॅक्सी शोधत बसाल, तिथे ओला-उबर नाही, गोवा माइल्स ॲप आधीच फोनमध्ये घालून ठेवा. फोंतेन्हासमध्ये किंवा कांपालच्या बाजूला राहिलात तर बोटीच्या जेट्टीपासून फार लांब नाही, तरी रात्री चालत जायचं नाही, हे तुला आणि त्या मुलांनाही सांगतेय.

आता तुमच्यातला तो म्हापशाचा मुलगा. त्याचं आधार कार्ड गोव्याच्या पत्त्याचं असेल तर त्याला आत खेळता येणार नाही. २०२०च्या फेब्रुवारीपासून गोव्याच्या लोकांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. जेट्टीवर उभं राहून हे कळण्यापेक्षा त्याला आत्ताच सांग, बिचारा तुम्हाला मासे खायला घेऊन जाईल. आणि वय २१ पूर्ण लागतं, ती तुमची नवीन ट्रेनी मुलगी किती वर्षांची आहे बघ. ओळखपत्र ओरिजिनल न्या, पॅन कार्डही न्या. मुलांनी हाफ पँट आणि चप्पल घालून यायचं नाही, आत सोडत नाहीत. तू एक स्टोल घे, आत एसी नको तितका थंड असतो.

आता पैसे, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. मी बँकेत जन्मभर कॅश काउंटरला बसले, त्यामुळे मला कॅसिनो वेगळ्याच कारणासाठी बघायला आवडला. निवृत्तीनंतर आमचा बँकेचा ग्रुप गोव्याला गेलेला तेव्हा मी बोटीवर नुसती उभी राहून बघत होते. डीलर टेबल सोडून उठला की दोन्ही पंजे उघडून उलटेसुलटे करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवतो, हातात काही नाही म्हणून. कोणी नोटा दिल्या तर त्या गठ्ठ्याने घेत नाही, एकेक सुटी करून टेबलावर पसरतो, मोठ्याने आकडा बोलतो, मागचा सुपरवायझर मान हलवतो, मग नोटा फटीतून खाली पेटीत जातात आणि तेवढ्या रकमेच्या चिप्स पुढे सरकतात. इतकी शिस्त की मला घरी आल्यासारखं वाटलं. पण बघ हं, शिस्त त्यांच्या बाजूला आहे. ते नोट मोजतात आणि तुझ्या हातात प्लास्टिक देतात. पाचशेची नोट मोडताना दोनदा विचार करणारी माणसं पाच हजाराची चिप अशी भिरकावत होती जशी काही भेळेची पुडी. म्हणून मनात सतत रुपयात मोज, लाल दोन आणि हिरवी चार असं नाही, किती रुपये पुढे गेले असंच मोजायचं.

आणि चिप घेतानाच पैसे कमी होतात हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागायला लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. समजा तू २०,००० दिलेस आणि टॅक्स त्यातूनच कापला तर हातात साधारण १४,२८५ च्या चिप्स येतात, म्हणजे एक पान वाटायच्या आधी ५,७१५ गेले. काउंटरवर आधी विचार की टॅक्स या रकमेतून कापणार, वरून घेणार की पॅकेजमध्ये धरलाय, मग पैसे दे. दुसरं म्हणजे चिप्स घेतल्या आणि न खेळता परत केल्या तरी तो टॅक्स परत मिळत नाही, नियमच तसा आहे. जिंकलेल्या चिप्स तशाच पुढे खेळल्या तर त्यावर परत टॅक्स नाही, पण त्या वटवून रोख घेतलीस आणि तासाभराने मन बदललं म्हणून परत चिप्स घेतल्यास तर पुन्हा ४० टक्के. म्हणजे घ्यायच्या तेव्हा थोड्या घ्यायच्या आणि वटवायच्या तेव्हा रात्रीचं काम संपवून एकदाच वटवायच्या.

पॅकेजमध्ये ज्या चिप्स देतात त्यात बऱ्याचदा वन टाइम प्लेच्या असतात, त्या वटवता येत नाहीत, एकदाच लावायच्या. त्या वेगळ्या खिशात ठेव नाहीतर हिशोबात घोळ होतो. एका कॅसिनोच्या चिप्स दुसरीकडे चालत नाहीत, तेव्हा निघताना सगळ्या वटवून निघा, आणि काउंटरवरच मोजून घ्या, रांग कितीही असली तरी, ही पाटी मी जन्मभर डोक्यावर लावून बसले होते.

रोजच्या रात्रीचं एक पाकीट कर, मुंबईतूनच भरून ने. एटीएम कार्ड, क्रेडिट कार्ड हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेव. यूपीआयची रोजची लिमिट ॲपमधून कमी करून घे. क्रेडिट कार्डवर कॅश काढायची तर अजिबात नाही, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि वर फी वेगळी. आणि आपापसात उसने द्यायचे नाहीत. रात्री दोन वाजता कुणी "यार फक्त पाच हजार" म्हणेल, तेव्हा सरळ सांग की आईने पाकीट मोजून दिलंय, बदनामी माझी होऊ दे. ऑफिसात सोमवारी समोरासमोर बसायचं आहे तुम्हाला.

आता खेळाचं. तू पोकर ॲपवर शिकलीस, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आल्यावर ॲपवरचा पैशाचा पोकर बंदच झाला, म्हणून तुमची ही सगळी धडपड हे मला कळतं. पण ॲप तुला चूक करू देत नव्हतं, टेबल करू देईल. तुझी पाळी आल्याशिवाय काही बोलायचं नाही, पत्ते टाकायचेही नाहीत. रेज करायचं, म्हणजे समोरच्यापेक्षा जास्त लावायचं, असेल तर आधी तोंडाने "रेज" म्हण आणि आकडा सांग. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकलीस तर ती नुसती कॉल धरतात, म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच, आणि आधी थोड्या चिप्स ठेवून मग परत हात मागे नेऊन अजून आणल्यास तर त्या मागाहून आणलेल्या धरत नाहीत. चिप्स पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, भिरकवायच्या नाहीत, आपल्यासमोर नीट ठेवायच्या. पत्त्यांवर एक चिप ठेवून दे, नाहीतर डीलर चुकून तुझी पानं ओढून घेईल आणि मग कोणी ऐकत नाही. डाव चालू असताना खिशातून अजून पैसे काढता येत नाहीत, आणि जिंकलेल्यातले अर्धे उचलून पर्समध्ये टाकून उरलेल्यावर खेळता येत नाही, एकतर सगळे टेबलावर नाहीतर उठायचं. आजीच्या तीन पत्तीत हे काहीच नव्हतं, तिथे पदराच्या गाठीतून कधीही रुपया निघायचा.

बाय-इन साधारण १०० बिग ब्लाइंडचा धर. म्हणजे ब्लाइंड १००-२०० असले तर समोर २०,००० लागतात, टॅक्स वेगळा. पाकिटात तेवढे नसतील तर त्या टेबलावर बसूच नको, कमी पैसे घेऊन बसलीस की घाबरत खेळशील आणि ते समोरच्याला दिसतं. लहान टेबल नसेल तर बघत बस, त्याला पैसे पडत नाहीत. आणि तुम्ही मित्र-मित्र एकाच टेबलावर बसून एकमेकांना सांभाळून खेळायचं नाही, ते लबाडीत धरतात आणि उठवतात. दारू पॅकेजमध्ये फुकट असते ती काही प्रेमाने देत नाहीत. खेळून झाल्यावर घ्या काय घ्यायचं ते.

बाकीच्या खेळांबद्दल फार सांगत नाही. पोकरमध्ये निदान समोरची माणसं असतात आणि कॅसिनो फक्त रेक कापतो, बाकी ठिकाणी समोर कॅसिनोच बसलेला असतो. रूलेटला चाकावर एकच शून्य असेल तर ३७ घरं आणि आकडा लागला तर ३५ पट, त्यातून १०० रुपयांमागे त्यांना सरासरी २ रुपये ७० पैसे सुटतात, दोन शून्यं असली तर ५ रुपये २६ पैसे, म्हणून चाकाकडे आधी नीट बघ. बॅकरॅटमध्ये टायवर, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीत सुटतील यावर, लावू नको, तिथे १००ला १४ जातात. ब्लॅकजॅक लागला तर किती देतात ते टेबलावर लिहिलेलं असतं, ३ ला २ (२ लावले तर ३ मिळतात) की ६ ला ५ (५ लावले तर ६) ते वाच, ६ ला ५ असेल तर पुढे चल. मागच्या बोर्डावर आलेले आकडे दाखवतात ना, लाल लाल लाल, आता काळा येणारच, तो बोर्ड तुला भुलवायलाच लावलाय एवढं लक्षात ठेव.

जिंकलीस तर आनंदच आहे, पण १०,००० च्या वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएसचा नियम आहे, आणि रिटर्नमध्ये हे उत्पन्न वेगळं दाखवायचं, त्यावर सरसकट ३० टक्के आणि वर सेस. यात गंमत अशी की पहिल्या रात्री ४०,००० जिंकलीस आणि दुसऱ्या रात्री तेवढेच घालवलेस तरी टॅक्स ४०,००० वर, हरलेले वजा होत नाहीत, प्रवासखर्चही नाही. पावत्या सगळ्या जपून ठेव, मार्चमध्ये मला विचारत बसू नको.

आणि सरावाच्या नावाखाली अंधेरीत कुणाच्या फ्लॅटवर "प्रायव्हेट गेम" असतो म्हणतात, तिथे पाय ठेवायचा नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला खरा, पण तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही करून टाकला. इथे पोलीस आले तर तुझं पोकरमधलं स्किल कोण ऐकून घेणार. सराव करायचाच तर घरी पत्ते काढा, शेंगदाण्यांवर खेळा, बाबा बसतील, टीव्ही बंद करून बसतील बघ.

एक उरलं, बारा वाजताचा अलार्म लाव फोनवर. आत घड्याळ नाही, खिडकी नाही. अलार्म वाजला की उठायचं, जिंकत असलीस तरी, पाकिटात उरलेले असले तरी. हॉटेलात आल्यावर मला मेसेज टाक, मी जागी असेन असं नाही पण सकाळी उठल्यावर बघते.

परत येताना सुके बांगडे आण, काजू नको, मागचेच अजून डब्यात आहेत. दारूची बाटली आणायची असेल कुणाला तर परमिट काढायला सांग, हद्दीवर तपासतात. तिकिटं काढलीस की पीएनआर आणि हॉटेलचं नाव बाबांना पाठव, मला नको, ते विचारत नाहीत पण त्यांना पाहिजे असतं.

तुझी,
आई