खेकड्याला गोंद लावायचा का, तेवढं सांग

कल्याण
रविवार रात्र

प्रिय अव्या,

आपला खेकडा, लेगोतलं आपलं ते घाटातलं जुनं विजेचं इंजिन, वळणावरून गेला! चाळीस स्टड, म्हणजे ठोकळ्यावरच्या चाळीस गोट्यांएवढ्या, त्रिज्येच्या त्याच वळणावरून, जिथे आठ स्टड रुंदीचं इंजिन फिरणारच नाही असं तू छातीठोकपणे सांगितलं होतंस. दोन्ही नाकं वळली, मधली केबिन घासली नाही, दांड्या अडकल्या नाहीत. पैजेची मिसळ तुझ्याकडे लागू झाली आहे. ती इथेच खायची, तुझ्या त्या ज्यूरिकच्या इंडियन रेस्टॉरंटात नाही.

फोन केला असता, पण फोनवर तू मधे मधे बोलतोस. पुढचं मला सलग सांगायचं आहे.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर शांत. पमीने योगासनं सुरू केली आणि सोडली.

आधी वळणाचं सांगतो, कारण ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? नंदूला व्हिडिओ पाठवला, त्याने अंगठा दाखवला. संपलं.

आपल्या मापाचं भांडण आठव. तू म्हणायचास, लेगोच्या स्वतःच्या गाड्या वर्षानुवर्षं सहा स्टड रुंद, आपण शहाणपणा का करायचा? मी म्हणायचो, आधी रूळ मोज. लेगोच्या रुळांतलं आतलं अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर. युरोपातला रूळ १४३५ मिलिमीटरचा, म्हणजे प्रमाण होतं १:३८. त्या प्रमाणात तीन मीटर रुंदीचं इंजिन जवळजवळ दहा स्टड व्हायला हवं. ते सहा-आठमध्ये कोंबलं की रूळ फताडे आणि गाडी हडकुळी दिसते. आपली ब्रॉडगेज १६७६. भागून बघ, १:४५ येतं. तीन मीटरचे होतात ६७ मिलिमीटर, म्हणजे साडेआठ स्टडच्याही आत. अव्या, लेगोचा रूळ डेन्मार्कमध्ये बनला, पण त्यावर खरी शोभते ती आपली गाडी! हे कळलं त्या दिवसापासून मला सहा स्टडचा खेकडा डोळ्यांसमोर आणवत नाही.

पण रुंदीचं गणित सुटलं की लांबी मानगुटीवर बसते. खरा खेकडा वीस मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे पंचावन्न स्टड. आणि वळण चाळीस स्टडचं, ३२ सेंटिमीटर. खऱ्या मापात ते चौदा मीटर त्रिज्येचं वळण झालं. असलं वळण बोरघाटात टाकलं असतं तर पहिल्याच दिवशी इंजिन दरीत. तरी मला त्या इंजिनाच्या रचनेवर विश्वास होता. घाटातल्या वळणांसाठीच तर त्याला तशी जोडणी दिली होती: दोन लांब नाकं आपापल्या चाकांसकट वळणार, केबिन मधे. मी आजवर केबिनचा आधार नाकाच्या अगदी टोकाशी देत होतो. तो मागे सरकवला, पण एक स्टड मागे घेतला तर फट दिसे आणि न घेतला तर घासे. शेवटी जंपर प्लेट घातली, ठोकळा अर्ध्या घराने सरकवणारी ती पट्टी. अर्धा स्टड. चार मिलिमीटर! त्यातच सगळं होतं.

प्रत्येक नाकाखालचं मधलं चाक बिनकडेचं, म्हणजे रुळाला धरणारी कड नसलेलं, ठेवलं. कड असलेल्या चाकांना रबरी कडी, पकडीसाठी. आणि दांड्यांची एक गंमत. डावी दांडी आणि उजवी दांडी एकमेकींपासून काटकोनात फिरायला हवी, नाहीतर दोन्ही एकदम टोकाला येतात आणि अडकतात. खऱ्या इंजिनात ते जुळवायला फिटर लागतात. आपला ॲक्सल मुळात अधिक चिन्हाच्या आकाराचा, एका बाजूचं चाक पाव फिरवून घातलं की काटकोन आपोआप. अप्पांना हे दाखवायला हवं होतं रे. ते म्हणाले असते, “एवढं सोपं असतं तर आम्ही कशाला हात काळे केले?”

आवाज मात्र नाही. उभा राहिला की तो कण्हायचा, आठवतं? पुलावर आपण दोघं, खाली यार्डात तो शंटिंग करतोय, आणि चालायला लागला की दांड्यांची ती सळसळ. लेगोची मोटर नुसती गुणगुणते. स्पीकर बसव असं तू म्हणशील. नको.

आता मुद्द्याचं.

नंदूच्या वहिनी आपल्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या, हे तुला ठाऊक आहे. त्या त्यांच्या मुलाला घेऊन घरी आल्या होत्या. त्या पोराने तासभर जमिनीवर पालथं पडून खेकडा बघितला. तो सगळ्यांत आधी विचारतो काय, तर “काका, हे मगरीसारखं आहे, मग खेकडा का म्हणता?” मी सांगत गेलो, बाई ऐकत होत्या. १९२८ साली आलेलं इंजिन, पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरची, पुढची एकतीस इंग्लंडमध्ये व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली, १५०० व्होल्टवर चालणारी, पुण्यापर्यंत वीज पोचली तेव्हा मालगाड्या घाटातून ओढणारी. सदतीस फुटांना एक फूट चढ, असला घाट. बाई म्हणाल्या, या गावातल्या निम्म्या मुलांचे आजोबा रेल्वेत होते आणि मुलांना यातलं अक्षर माहीत नाही. शाळेत ग्रंथालयाशेजारी नवी खोली होते आहे. तिथे काचेच्या कपाटात तुमचा खेकडा ठेवू या.

मला किती आनंद झाला हे तुला लिहून सांगायला नको. मग त्या म्हणाल्या, “फक्त पक्का चिकटवून द्या हं. मुलं आहेत, सुटे तुकडे खिशात जातील.”

मी काही बोललो नाही. चहा पुढे केला.

अव्या, तीन गोष्टी करायच्या नाहीत असं आपलं ठरलं होतं: कापायचं नाही, रंगवायचं नाही, चिकटवायचं नाही. तू हॅकसॉने ॲक्सल कापलास तेव्हा मी तुझ्याशी किती भांडलो! पमीने मधे पडून दोघांना एका ताटातली भजी खायला लावली म्हणून बोललो, नाहीतर अजून अबोला असता. तू तेव्हा म्हणालास, एका ॲक्सलने काय बिघडतं? माझं उत्तर आजही तेच आहे. १९५८ साली या ठोकळ्याचं पेटंट घेतलं, आणि त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर टक्क बसतो. बसतो आणि निघतो. निघतो म्हणूनच मी जंपर प्लेट घालू शकलो. हे नाक उकलून मी कितीदा बांधलं, त्यातूनच वळण सापडलं. चिकटवलं असतं तर पहिल्याच चुकीवर काम थांबलं असतं.

आणि ते चिकटवणं कागद चिकटवण्यासारखं नसतं. ते रसायन एबीएस प्लॅस्टिक वितळवतं, दोन ठोकळे वितळून एक होतात. लेगोलँडमधले मोठे पुतळे तसेच जोडलेले असतात, मला माहीत आहे. पण ते पुतळे आहेत. शिवाय आपला खेकडा तपकिरी. जुना तपकिरी ठोकळा किती ठिसूळ हे तू भोगलं आहेस, नुसता उचकटला तरी कोपरा तडकतो. आज उकलता येतं म्हणून तडकलेला काढून नवा घालता येतो. चिकटवलेल्याला तडा गेला तर तो तडा कायमचा. बॅटरीचा डबा आत बंद. त्यातल्या सहा बॅटऱ्या कोण काढणार? पाझरल्या म्हणजे?

इथपर्यंत माझं मन पक्कं होतं. बाईंना नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

पण मग मला वरळी आठवली. नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात जो खेकडा उभा आहे, त्याच्याभोवती टेप घेऊन मी फिरलो म्हणून हे मॉडेल झालं. तूही फोनवरून ओरडत होतास, “खिडकीची उंची घे, खिडकीची!” तो खेकडा चालत नाही. कण्हत नाही. त्याला जागेवर खिळवून ठेवला म्हणून तर तो उरला. दिल्लीच्या रेल संग्रहालयात सर लेस्ली विल्सन नावाचा आहे, तोही तसाच. बाकीचे बहुतेक भंगारात गेले. मग एखादी वस्तू उरावी म्हणून ती थिजवली, तर त्यात वाईट काय? आणि आपला, जो धावतो, तो माझ्या माळ्यावर धावणार. बघणार कोण? मी, आणि दोन वर्षांतून एकदा तू.

ते पोर पालथं पडून बघत होतं ना, ते डोळ्यांपुढून जात नाही.

मी बाईंना मधला मार्ग सुचवला. कपाटाला कुलूप लावा, चिकटवू नका, देखभालीला मी महिन्यातून एकदा येईन. त्या म्हणाल्या, तुम्ही याल हो, पण तुमच्यानंतर? बरोबर आहे त्यांचं. शाळेत कुणाच्या अंगावर हे काम टाकणार?

दुसरा मार्ग असा. आपला जो धावता आहे त्याला गोंदाचा थेंब लागणार नाही, हे माझं ठरलं आहे आणि यावर मी तुझंही ऐकणार नाही. पण स्टुडिओमध्ये, कॉम्प्युटरवर ठोकळे जुळवायच्या त्या प्रोग्रॅममध्ये, फाइल तयार आहे. तिच्यावरून दुसरा बांधायचा, बिनमोटरचा, नुसतं कवच, आणि तो शाळेला चिकटवून द्यायचा. सोबत एका नाकाचे सुटे ठोकळे डब्यात घालून द्यायचे, पायऱ्यांच्या चित्रांसकट. मुलांनी ते नाक बांधायचं, मोडायचं, पुन्हा बांधायचं. दोन हरवले तर मी भरून देईन. कपाटातला बघायचा, डब्यातला हाताळायचा. बाईंना हे आवडेल असं वाटतं, अजून बोललो नाही. कारण त्यात तुझं घोडं आहे.

दुसऱ्यासाठी तपकिरी माल लागेल, आणि तो तुझ्याकडे आहे. तू घेतलेला तो क्रोकोडाइलचा सेट, २०२० चा, १२७१ तुकड्यांचा. तू अजून उघडलेला नाहीस. पमी म्हणते, मित्राच्या कपाटातल्या खोक्यावर डोळा ठेवणं शोभत नाही. पण तो ‘मगर’ म्हणतात त्या स्विस इंजिनाचा सेट, आणि आपला खेकडा त्याच घराण्यातला. ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयात त्या मगरीशेजारी उभा राहून तू मला फोटो पाठवला होतास ना, खाली लिहिलं होतंस, “आपल्या खेकड्याचा चुलता.” चुलत्याचे ठोकळे पुतण्याला लागले तर घरातल्या घरातच राहिले. इथे विकत घ्यायचं म्हणजे, २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ केलं, २०२३ ला सत्तर. सुटे तुकडे मागवले तरी हिशेब तसाच.

मला खरा अडसर पैशाचा नाही. तू तो सेट ज्या दिवसासाठी ठेवला आहेस तो मला माहीत आहे. रिटायर झाल्यावर उघडायचा, एका बैठकीत, अप्पांच्या खुर्चीत बसून. तो फोडून त्याचं आपण गोंद लावलेलं काहीतरी करायचं, हे तुला मागताना हात थबकतो. म्हणून विचारतो आहे, ठरवत नाही. तू नको म्हणालास तर मी काळ्या रंगात बांधतो, काळा माल इथेही मिळतो. अप्पा तरी म्हणायचेच, शेडमधली काजळी हाच त्याचा रंग. तुझी नि माझी रंगावरून जुंपायची तेव्हा तेच एक वाक्य बोलून ते जेवायला बसायचे.

तर तीनांतलं एक लिही: तुझ्या तपकिरीतला चिकटवायचा, काळा चिकटवायचा, की चिकटवलेला खेकडा या घरातून बाहेर जाताच कामा नये. तिसरं लिहिलंस तर कारण लिही, कारण मग मला ते बाईंना तोंडावर सांगायचं आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांना उत्तर हवं आहे.

तुझ्या नव्या नोकरीचं नंदूकडून कळलं. छान झालं. प्रवास वाढला म्हणाला तो, गाडीत झोप काढत जा. सईला परीक्षेला शुभेच्छा, जर्मनमधून गणित करते म्हणजे कमाल आहे पोरीची. मंजिरीला सांग, लोणचं बरोबर द्यायला ताईने बरणी भरून ठेवली आहे.

आणि डिसेंबरात येणार असशील तर चॉकलेटं आणू नकोस. त्या वजनात बिनकडेची चाकं आण, मोठ्या मापाची, आणि तपकिरी ग्रिल टाइल मिळतील तेवढ्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना जाळ्या लागतात, आणि माझ्या एका बाजूला अजून भोकं आहेत.

तुझा,
सुध्या