कौंटर नंबर तीनवरच्या पोरीस

अगं,

आधी तुला अहो-जाहो करत दोन ओळी लिहिल्या होत्या, पण हात अडखळायला लागला. तू मला काकू म्हणाली होतीस, तेव्हा अगंच बरं. नाव विचारायचं तेवढं राहून गेलं. संक्रांतीनंतर तिळगूळ घेऊन मुद्दाम त्या दुकानात आले, तर तुझ्या जागी कुणी मुलगा बसलेला. ‘ती सोडून गेली’, एवढंच कळलं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय.

मी कराडची. कांदा-लसूण मसाल्याची. खोकं उघडल्याबरोबर तुला लागोपाठ तीन शिंका आल्या होत्या, आता तरी आठवेल.

त्या दिवशी मी काय अवस्थेत आले होते ते तुला सांगितलं नव्हतं. दिवाळीला पुण्यातल्या मोठ्या दुकानात आमचा माल लागणार म्हणून आम्ही आठजणी हरखून गेलो होतो. बेडगी आणि लवंगीची देठं काढण्यापासून डंकावर उभं राहून कुटून घेण्यापर्यंत सगळं आम्हीच केलं. 240 बरण्या भरल्या. लेबल ओळखीतल्या एका पोराकडून करून घेतलं. त्याने मिरचीच्या रंगाला शोभतील म्हणून बारकोडच्या रेघाही लाल केल्या. पांढऱ्यावर लालभडक! खोटं कशाला बोलू, आम्हीही वाहवा केली होती.

आठव्या दिवशी दुकानातून फोन आला. बारकोड वाचत नाही, माल उचला.

लेबलवाल्या पोराने आपल्या मोबाईलने स्कॅन करून दाखवलं. झालं की लगेच! ‘काकू, माझ्याकडे होतंय, प्रॉब्लेम त्यांच्या मशीनमध्ये आहे.’ वर 1974 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका दुकानात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा कसं स्कॅन झालं, ती गोष्टही ऐकवली. ओहायोतलं च्युइंगम त्याला माहीत होतं, लाल रेघेचं मात्र माहीत नव्हतं. प्रेसवाला म्हणाला, फाईल आली तशी छापली. त्याच्याही आधी एकाने पाचशे रुपयांत ‘बारकोड नंबर’ विकला होता. त्या नंबरावर आधीच कुणाचा तरी शाम्पू निघाला. शेवटी बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएसवन इंडिया या संस्थेकडे रीतसर नोंदणी करून स्वतःचा 890 ने सुरू होणारा नंबर घेतला. (890 म्हणजे माल भारतात बनलाय असं आम्ही छातीठोक सांगत फिरायचो. तसं नसतं, नंबर इथल्या संस्थेने दिलाय एवढाच त्याचा अर्थ, हे फार उशिरा कळलं.) आणि या सगळ्यांचं एक वाक्य सारखं होतं: ‘ते टेक्निकल असतं, तुम्हाला नाही कळायचं.’

तुमच्या साहेबांनीही केबिनमध्ये तेच ऐकवलं. त्यांच्या टेबलावर विक्रीचा कागद होता, तो मी उलटा वाचला. आठवड्यात 17 बरण्या गेल्या होत्या. सगळ्या कौंटर तीनवरून. बाकीच्या कौंटरवर गिऱ्हाइकाला ‘हे होत नाही, दुसरं घ्या’ म्हणत होते आणि तू दर बरणीला ते तेरा आकडे बोटाने दाबत होतीस. मागे रांग असताना. एकही आकडा चुकला की मशीन घेत नाही, कारण शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला असतो. आमच्यात भिशीचा हिशोब ठेवणारी जी आहे, ती आता तो आकडा तोंडी काढते: डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे एक सोडून एक आकडे घेऊन त्यांची बेरीज तिप्पट करायची, उरलेले त्यात मिळवायचे, पुढच्या दहाला किती कमी पडतात ते बघायचं. तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी खोकं घेऊन बाहेर निघाले तेव्हा तू जेवायच्या सुट्टीवर उठली होतीस. ‘काकू, मसालेवाल्या तुम्हीच का?’ म्हणून थांबवलंस. मग इकडेतिकडे बघितलंस. दिवाळीची सजावट लागत होती, एक फाटका आकाशकंदील कोपऱ्यात टाकून दिला होता. त्याचं लाल जिलेटिन तू टर्रकन फाडलंस आणि माझ्या हातात दिलंस. ‘डोळ्यासमोर धरा आणि तुमच्या बरणीकडे बघा.’

मी बघितलं. रेघा गायब! खालचे आकडे काळे होते, ते तेवढे उरले. वर नुसता लालसर चौकोन, कोरा. कागद बाजूला केला की रेघा हजर. पुन्हा धरला, पुन्हा गायब. पाच-सहा वेळा लहान मुलासारखं केलं मी ते, आणि तू हसत उभी होतीस. सुट्टीतली दहा मिनिटं तरी त्यात गेली असतील तुझी.

‘आमच्या स्कॅनरचा उजेड लाल असतो,’ तू म्हणालीस. ‘त्याला लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. मोबाईलचा कॅमेरा वेगळा.’

बाई गं, एवढंच होतं? एवढं कळायला मी चार ठिकाणी हात जोडले, आणि चारही ठिकाणी मला मठ्ठ ठरवून परत पाठवलं. तू मला समजावूनसुद्धा सांगितलं नाहीस. हातात कागद दिलास आणि बघू दिलंस. उत्तर माझ्याच डोळ्यांना दिसलं, त्यामुळे ते माझंच झालं. त्या लाल तुकड्याचे उपकार मला 240 बरण्यांपेक्षा मोठे वाटतात.

मग बिलाच्या पाठीवर निळ्या पेनाने लिहून दिलंस. भोसरीला लेबलच्या कारखान्यात दोन वर्षं काढली होती म्हणालीस. बरण्या टाकू नका, वरून पांढरं स्टिकर लावा, रेघा काळ्या. डावीकडे अकरा बारीक रेघांइतकी आणि उजवीकडे सात रेघांइतकी जागा कोरी सोडा (आमच्या पोराने तिथे मिरचीचं चित्र खुपसलं होतं). गोल बरणीवर रेघा कुंपणासारख्या उभ्या नकोत, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या लावा, म्हणजे वळणावर दुमडून दिसेनाशा होणार नाहीत. स्टिकर बिलाच्या कागदासारखं उष्णतेने छापलेलं नको, तेल आणि ऊन लागलं की जातं, शाईच्या रिबनने छापलेलं घ्या. आणि खाली दोनदा अधोरेखित: ‘ओढून लहान करू देऊ नका. 50 मिमी.’

त्या शेवटच्या ओळीने कराडात काय मजा आणली ते तुला कळलंच पाहिजे. स्टिकरवाल्याकडे 38 मिलिमीटरचा रोल पडून होता. ‘बसवून देतो ना मावशी,’ म्हणत त्याने माऊसने चित्र कोपऱ्यातून ओढायला घेतलं. मी म्हटलं, थांब. तुझं मशीन इंचाला 203 ठिपक्यांचं, म्हणजे मिलिमीटरला आठ. नेहमीच्या मापात सगळ्यात बारीक रेघ 0.33 मिलिमीटरची, म्हणजे अडीचच्या जरा वर ठिपके. अर्धा ठिपका छापणार कसा तू? मशीन कुठे दोन मारेल, कुठे तीन, आणि रेघांची मापं बिघडतील. सरळ तीन ठिपके धर, कोऱ्या जागेसकट 42 मिलिमीटरच्या वर रुंदी जाते, म्हणून 50 चा रोल काढ. तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘मावशी, कुठे शिकलात?’ मी म्हटलं, आकाशकंदिलात.

रात्री आठही जणी ओसरीवर बसून स्टिकरं चिकटवली. उरलेल्या 223 बरण्या. एकीने दोन कुंपणं केलीच, ती सोलून पुन्हा शिडी केली. भाच्याने टेम्पोने माल पोचवला आणि वसुबारसेच्या आधी तो परत शेल्फवर लागला. पाडव्याला दुकानातून फोन आला की अजून शंभर पाठवा. साहेबांचा आवाज एकदम मधाळ झाला होता. असू दे.

मला राग लाल रेघांचा नाही. चुका आमच्याकडूनही होतात, एकदा अख्ख्या घाण्याला मीठ घालायचं विसरलोय. पण चुकल्यावर समोरच्याला मठ्ठ ठरवून आपली सुटका करून घेणारी माणसं बघितली की डोकं फिरतं. त्यांच्यातल्या प्रत्येकाला तुझ्यापेक्षा जास्त पगार असेल, केबिनमध्ये पंखा असेल. आणि ज्या मुलीला दिवसभर उभं राहून आमचीच बरणी तेरा-तेरा आकड्यांनी दाबावी लागत होती, जिला आमच्यावर वैतागायचा खरा हक्क होता, तीच थांबली.

तुझं बिल मी मसाल्याच्या डब्यामागे भिंतीला टाचून ठेवलंय. कुणी काय घेतलं होतं, किती पैसे झाले, यातलं आता काही वाचता येत नाही. तेलाने आणि शेगडीच्या धगीने छापील सगळं पुसून गेलं, तू म्हणाली होतीस तसंच. तुझं निळं पेन तेवढं आहे.

कुठे काम करतेस आता? हे वाचलंस तर कराडला ये. स्टँडवरून रिक्षावाल्याला मसालेवाल्या बायकांचं घर म्हणालीस की आणून सोडेल. तुझ्यासाठी एक किलो वेगळा काढून ठेवलाय. घरच्या जुन्या चिनीमातीच्या बरणीत आहे, वर फडकं बांधलंय आणि बारकोड काही लावलेला नाही.

तुझी,
मसालेवाली काकू