धमनी कापली जाते तेव्हा

मा. संपादक,

आमच्या गुहागर तालुक्यात नारळ काढताना एका पाडेल्याच्या मनगटाला कोयता लागला, तेव्हा जमलेल्यांनी जखमेत हळद भरण्यात मोलाची मिनिटे घालवली. धमनीची भिंत तीन थरांची असते आणि मधल्या थरातील स्नायू व लवचीक तंतूंमुळे ती हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब झेलते. म्हणूनच ती कापली गेली की लालभडक रक्त ठोक्यासरशी उसळते, तर शिरेतले काळपट रक्त संथ वाहते. मनगटात अंगठ्याच्या बाजूला, जिथे वैद्य नाडी पाहतात, तिथे धमनी कातडीच्या अगदी लगत असते. अशा वेळी स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि हात न काढता रुग्णालय गाठावे. ग्रामसभांनी हे प्रात्यक्षिकासह शिकवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, गुहागर, जि. रत्नागिरी