मंत्रीमहोदय, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्हाला विचारा

माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी खडूइतकीच मतदानाची शाईही हाताळली. सप्टेंबर १९९९ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या, तेव्हा मी एका वाडीवरच्या शाळेत मतदान अधिकारी होतो. बाहेर पाऊस लागून राहिला होता. प्रत्येकाच्या हातात दोन मतपत्रिका द्यायच्या, पांढरी लोकसभेची आणि गुलाबी विधानसभेची. सत्तरीच्या एक आजी दोन्ही कागद हातात धरून म्हणाल्या, "गुरुजीनू, ह्ये दोन कागद कित्याक?" मी म्हटलं, एक दिल्लीसाठी, एक मुंबईसाठी. त्यांनी विचारलं, "आणि आमच्या वाडीक?"

आज त्या आजी नाहीत. लोकसभा आणि सगळ्या विधानसभांच्या निवडणुका एकत्र घ्यायच्या, असं 'एक देश, एक निवडणूक'चं विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी आपण लोकसभेत मांडलंत, ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं, आणि मला त्यांचा प्रश्न पुन्हा आठवला. १२९ व्या घटनादुरुस्तीचं हे विधेयक आमच्या मताचा काळ, त्याची मुदत, आम्ही कधी आणि किती वर्षांसाठी प्रतिनिधी निवडायचा हे सगळं बदलणार आहे. एवढा बदल करण्याआधी ते गावातल्या मतदारासमोर, मराठीत, त्याला सवड असेल अशा वेळी ठेवावं, एवढीच माझी मागणी आहे.

मी या कल्पनेचा विरोधक म्हणून लिहीत नाही. निवडणूक आली की शाळेतले मास्तर आधी प्रशिक्षणाला आणि मग ड्युटीवर जातात, आणि वर्ग ओस पडतो. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आचारसंहिता लागली की पायऱ्यांची पाखाडी, ओढ्यावरचा साकव, नळपाण्याची योजना, सगळं जागच्या जागी थांबतं. आमच्याकडे पावसाआधी काम झालं नाही तर सरळ दिवाळीनंतरच होतं, म्हणजे दोन महिन्यांच्या आचारसंहितेत अख्खं वर्ष जातं. हे थांबणार असेल तर मला आनंदच आहे.

पण विधेयकात दुसरंही आहे. विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाली तर नवी निवडणूक फक्त उरलेल्या काळापुरती होईल. दीड वर्ष उरलं असेल तर आम्ही दीड वर्षाचा आमदार निवडायचा. तो माणूस मतदारसंघ फिरून होईपर्यंत घरी बसेल. मला ही तरतूद पटत नाही. गावातल्या दुसऱ्या कुणाला पटेलही. पण ती आहे हे गावात ठाऊक तरी किती जणांना आहे? मी चार ठिकाणी विचारलं. सलूनमध्ये, एसटी स्टँडवर, मासळीच्या लिलावाला आणि देवळात. घोषणा सगळ्यांना पाठ आहे. ही तरतूद एकालाही माहीत नव्हती.

याच विषयावरच्या, माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने लोकांच्या सूचना मागवल्या होत्या, हे मला ठाऊक आहे. त्याची जाहीर नोटीस ५ जानेवारी २०२४ ला निघाली आणि १५ जानेवारीपर्यंत मतं कळवायची होती. दहा दिवस! आमच्याकडे साधी सातबाऱ्यावरची नोंद बदलायची असली तरी हरकतीला याहून जास्त मुदत मिळते. देशभरातून २१,५५८ उत्तरं आली आणि त्यांतली ८० टक्के बाजूने होती, असं अहवाल सांगतो. देशात मतदार सुमारे ९७ कोटी. ज्यांनी लिहिलं त्यांचा मान राखूनही म्हणावं लागतं, की ही लोकांची संमती नव्हे. पुढे संयुक्त समिती मे २०२५ मध्ये मुंबईला आली. मे महिन्यात मुंबईतला चाकरमानीसुद्धा गावाला असतो, आणि गावात समितीतलं कुणी फिरकलं नाही.

लोकांना विचारायचं कसं, हे आमच्या किनाऱ्यानं पाहिलेलं आहे. माझी आत्या गोव्यातल्या पेडण्याला दिलेली. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. त्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला होता. कुणाला वजन टाकता येऊ नये म्हणून गोव्याचे मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. महिनाभर आमच्या घरातल्या माणसांची आरोंद्याला होडीने खाडी ओलांडून ये-जा चाललेली मला आठवते. वडील फुलाचे कट्टर. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१, म्हणजे ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण निकाल खोटा आहे असं त्यांच्या तोंडून मी कधीही ऐकलं नाही. विचारून घेतलेला निर्णय होता, म्हणून हरलेल्या माणसालाही तो पचवता आला. आत्याने शिक्का कशावर मारला ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

घटनेत सार्वमताची तरतूद नाही, घटनादुरुस्ती हा संसदेचा अधिकार आहे, असं उत्तर आपल्या कार्यालयातून येईल. ते बरोबरच आहे, आणि वेंगुर्ल्याच्या माणसाला ते सांगावं लागू नये. बॅरिस्टर नाथ पै इथलेच. फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीत, म्हणजे देशभर लोकसभा आणि विधानसभा शेवटच्या एकत्र झाल्या तेव्हा, राजापूर मतदारसंघाने त्यांना तिसऱ्यांदा लोकसभेत पाठवलं. त्याच महिन्यात गोलकनाथ खटल्यात, संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही असा निकाल लागला, आणि संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार तिला परत मिळावा म्हणून त्यांनी विधेयक आणलं. अधिकार संसदेचाच राहू द्या. तो वापरण्याआधी ज्यांच्यामुळे संसद आहे त्यांचं म्हणणं ऐकून घ्या, एवढंच मी मागतो. न्यूझीलंडने १९९२ आणि १९९३ मध्ये निवडणूक पद्धत बदलताना लोकांना दोनदा विचारलं. आधी बदल हवा का आणि कोणता, आणि मग जुनी पद्धत की नवी.

न विचारता बदललेल्या पद्धतीचं काय होतं ते आम्ही गावातच भोगलं आहे. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असं २०१७ मध्ये ठरलं, २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२२ मध्ये पुन्हा आलं. तीन वेळा नियम फिरला. दोन्ही पद्धतींचे गुणदोष असतील, पण ज्या ग्रामसभेचा तो सरपंच, तिला एकदाही कुणी विचारलं नाही.

आणि आजींच्या वाडीचं काय? कोविंद समितीने नगरपालिका आणि पंचायतींच्या निवडणुका लोकसभा-विधानसभेनंतर १०० दिवसांत घ्याव्यात असं सुचवलं होतं. आपल्या विधेयकात ते नाही. इकडे आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. सर्वोच्च न्यायालयाने या निवडणुका चार महिन्यांत उरकण्याचा आदेश ६ मे २०२५ रोजी दिला, तोवर तीन वर्षं उलटली होती. सतत निवडणुका होतात असं दिल्लीत म्हणतात. आम्ही त्या तीन वर्षांत आमच्या सर्वांत जवळच्या निवडणुकीची वाट बघत होतो. जिल्हा परिषदेच्या गटाला सदस्य नव्हता, मग शाळेचं छप्पर उडालं तर सांगायचं होतं कुणाला?

म्हणून ग्रामसभा. राज्यघटनेच्या २४३-अ कलमातली, मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाची. सभेला १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात आणि पुष्कळदा तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते, हे मी लपवत नाही. पण वेळ नीट निवडली तर माणसं येतात. जूनमध्ये नको, तेव्हा लावणी असते. ऑक्टोबरात कापणी, एप्रिल-मेमध्ये आंबा. २६ जानेवारीला मात्र भाताची झोडणी आटोपलेली असते, आंब्याला नुकता मोहर असतो, आणि ग्रामसभा तशीही असतेच. त्याआधी महिनाभर विधेयकाचा सोपा मराठी मसुदा ग्रामपंचायतीच्या फलकावर, रेशन दुकानात आणि मच्छीमार सोसायटीत लावा. बाजूचं आणि विरोधातलं, दोन्ही त्यात असू द्या. रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या वाड्यांत सभा संध्याकाळी ठेवा. बायकांची सभा आदल्या दिवशी होते, तिथेही हा विषय घ्या, कारण पुरुषांसमोर त्यांतल्या अर्ध्याजणी बोलत नाहीत. हात मोजा, ठराव लिहा आणि ते सगळे ठराव विधेयकावरच्या मतदानाआधी संसदेच्या पटलावर ठेवा.

आमच्या ग्रामपंचायतीत हा विषय २६ जानेवारीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा असा अर्ज मी दिला आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. ठराव कोणत्याही बाजूने झाला तरी त्याची प्रत आपल्याला रजिस्टर पोस्टाने पाठवीन. ती वाचून उत्तर द्यावं, ही विनंती.

आपला,
वेंगुर्ले तालुक्यातील एक मतदार