पहिल्या मजल्यावरच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

आल्याच्या बिअरचं विरजण माझ्याकडे तीनदा फुकट गेलं. किसलेलं आलं, साखर, पाणी, आणि पाचव्या दिवशीही बरणीत बुडबुडा नाही. मी आलं बदललं, साखर बदलली. तुम्ही मात्र जिन्यातच विचारलंत, "पाणी कुठलं घालतेस?"

नळाचं, थेट. नेरूळला येणारं मोरबे धरणाचं.

संध्याकाळी तुम्ही क्लोरोस्कोप (पाण्यातला क्लोरीन तपासायची पेटी) आणि ओटीची, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडीनची, बाटली घेऊन वर आलात. खालापूरच्या गावांमध्ये आरोग्यसेविका म्हणून विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकल्यावर कराल तशी ओटी टेस्ट माझ्या ओट्यावर केलीत. पाणी लगेच पिवळं झालं. ते मोरीत ओतायला लावलंत आणि म्हणालात, "हे पिवळं दिसतंय म्हणून गॅस्ट्रोची साथ येत नाही. क्लोरीनला नावं ठेवू नकोस. नळापर्यंत त्याचं काम, पुढे तुझं." पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन उरायलाच हवा, हेही तेव्हाच कळलं. जंतू मारायला घातलेलं औषध माझ्या आल्याच्या सालीवरच्या यीस्टला, म्हणजे बुडबुडे आणणाऱ्या सूक्ष्म जीवांना कसं सोडेल?

तुमच्या सांगण्यावरून रुंद पातेल्यात पाणी काढून, वर नुसतं फडकं बांधून, 24 तास ठेवलं. दुसऱ्या दिवशी टेस्ट केली तर पाणी होतं तसंच, बिनरंगी. घाई असेल तर पंधरा-वीस मिनिटं उकळून गार करायचं. तेवढाही वेळ नसेल तर 'क' जीवनसत्त्व: 1 मिलीग्रॅम क्लोरीनला साधारण 2.5 मिलीग्रॅम लागतं, म्हणजे माझ्या दोन लिटरच्या बरणीला 500 मिलीग्रॅमच्या गोळीचा कणभर चुरा पुरे. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं टिकाऊ संयुग) असेल तर मात्र पाणी उघडं ठेवून भागत नाही. खरी बिअर गाळणारे त्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात, कारण क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळला की बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखी चव येते.

सगळ्यात जपून ठेवलंय ते तुमचं शेवटचं वाक्य: क्लोरीन गेला की पाण्याची राखणही गेली, ते त्याच दिवशी वापर. आता मी तसंच करते.

यंदाचं विरजण तिसऱ्या दिवशी फसफसलं. तुमच्या नातीने दिलेली बाटली भरून दारात ठेवलीय. फ्रीजमध्ये ठेवा आणि झाकण हळू उघडा, गॅस खूप धरलाय.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची