उन्हाळ्यात नदीच्या मुखाशी गळ नको

मा. संपादक,
स. न.

ऊन तापू लागलं की आम्हा हौशी मासेमारांची गर्दी एकाच जागी होते: नदी तलावात शिरते तिथे. तिथे मासा हमखास लागतो. ज्या कारणाने तो लागतो, त्याच कारणासाठी त्या दिवसांत तिथे गळ टाकू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

उन्हाने तलावाचं वरचं पाणी तापतं आणि हलकं असल्यामुळे वरच राहतं. खालचं थंड पाणी त्यात मिसळत नाही, त्यामुळे खोल तळाशी प्राणवायू संपत जातो. वर काहिली, खाली घुसमट. अशा वेळी झाडांच्या सावलीतून, खडकांवरून खळाळत आलेल्या नदीच्या पाण्यात मासे आसऱ्याला येतात. ते तिथे चरायला जमलेले नसतात, जीव वाचवायला जमलेले असतात.

१० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. माशाची गरज मात्र पाणी तापेल तशी वाढते. गळाला लागून झुंजलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, त्यातून सावरायला आणखी प्राणवायू लागतो. वर आपण त्याला फोटोसाठी हवेत धरतो! ‘सोडून दिला ना’ म्हणून आपण निश्चिंत होतो. तो शेपटी हलवत जातोही, पण कित्येकदा काही तासांनी मरतो, आणि तेव्हा पाहायला तिथे कोणी नसतं.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ट्राउटच्या नद्यांचं पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे २३ सेल्सिअसपर्यंत तापलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवता येते. ट्राउट थंड पाण्यातला मासा, म्हणून हा आकडा सगळीकडे चालणार नाही. पण दुपारची सुट्टी कुठेही देता येईल.

नदीवर पहाटे बसावं, तेव्हा पाणी सर्वांत थंड असतं. पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावात मात्र पहाटेच प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर वनस्पतीही तो वापरतात. तिथे थोडं थांबावं. मासा लागलाच तर हात ओले करावेत, त्याला पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि गळ खोल रुतला असेल तर दोरी कापून टाकावी. बोटी आणि पोहणाऱ्यांनीही त्या दिवसांत मुखापासून लांब राहावं; तलाव पुष्कळ मोठा आहे.

संपादक महोदय, आपण हवेचं तापमान रोज छापता. उन्हाळ्यापुरतं त्याच्याशेजारी तलावाच्या पाण्याचंही तापमान छापता येईल का? गळ घेऊन घराबाहेर पडण्याआधी आम्ही ते नक्की वाचू.

आपला नम्र,
एक हौशी मासेमार